अडिअँटम सास्तुरेन्से

आमच्या गुरुजींना नवी वनस्पती अजून सापडलेली नाही, पण तिचं नाव ठरून बरीच वर्षं झाली. अडिअँटम सास्तुरेन्से. ‘सास्तुरेन्सिस’ म्हणायचं नाही. अडिअँटम लॅटिनात नपुंसकलिंगी, म्हणून गावाच्या नावालाही प्रत्यय नपुंसकलिंगीच लागतो, हे गुरुजी आलेल्या पाहुण्याला आधी सांगतात आणि मग आत पाण्यासाठी हाक मारतात. जन्मभर चौथीच्या पोरांकडून ‘तो, ती, ते’ घोकून घेतलेल्या माणसाला थेट लॅटिनात ‘ते’ भेटलं, तर आनंद होणारच. शोधनिबंधाची वहीही तयार आहे. वर्णनाचं पान कोरं आहे. आभाराची दीड पानं भरली आहेत.

असा एक माणूस गावोगाव असतो. कुणाला घराण्याचा ताम्रपट सापडायचा असतो, कुणाला गढीखालचं भुयार, कुणाचं पाण्यावर चालणारं इंजिन एका वॉशरसाठी अडलेलं असतं. गुरुजींना नेचा सापडायचा आहे. शहरातले लोक त्याला फर्न म्हणतात आणि जिन्यात कुंडीत ठेवतात, तो. पण असातसा नको. चुनखडीच्या गुहेत उगवणारा, जगाच्या पाठीवर त्या एकाच गुहेत असणारा आणि आजवर कुणाच्याही नजरेला न पडलेला हवा.

आता सास्तूर आहे लोहारा तालुक्यात, जिल्हा धाराशिव. इथं चुनखडीची गुहा कुठून आणणार? खाली सगळा काळा दगड. 1993 च्या भूकंपानंतर शास्त्रज्ञांनी शेजारच्या किल्लारीला खोल छिद्र पाडलं, तेव्हा वरून 338 मीटर बेसाल्टच लागला. त्याखाली जेमतेम 8 मीटर गाळाचा थर आणि मग बुडाचा पुरातन खडक. एवढं ऐकल्यावर दुसऱ्या कुणीही नाद सोडला असता. गुरुजी त्या 8 मीटरांवर आशा धरून आहेत.

हे खूळ शिरलं मोबाइलमधून. निवृत्तीनंतर पुण्याच्या मुलानं फोन घेऊन दिला, ‘भजनं ऐका’ म्हणाला. गुरुजींनी भजनं सोडून चीन गाठला. तिथल्या ग्वेइचौ आणि ग्वांग्शी प्रांतांतले चुनखडीचे डोंगर गुहांनी पोखरलेले आहेत. त्या गुहांच्या तोंडाशी, आतल्या अंधूक उजेडात, वनस्पतिशास्त्रज्ञांना पॉलिस्टिकम वंशातल्या एकेक नव्या जाती सापडत गेल्या. त्यांतल्या काही तर एखाद्या गुहेपुरत्याच, मोजक्या रोपांनिशी तग धरून असलेल्या. गुहेत जसजसं आत जावं तसतसा उजेड कमी होतो, फुलं येणाऱ्या वनस्पती माघार घेतात, मग नेच्यांचं राज्य लागतं, त्यापुढं मॉस आणि शेवटी नुसतं शेवाळ. नेच्याला ऊन नको, वारा नको, ओल मात्र बारा महिने पाहिजे. गुरुजींनी वाचलं, चष्मा काढून धोतराला पुसला आणि म्हणाले, “अंधूक उजेड, ओल, गारवा आणि चुना. अहो, हे सगळं आपल्या बारवेत आहे!”

यात ते निम्मे बरोबर आहेत, आणि गावाची खरी अडचण तीच आहे. पूर्ण चुकले असते तर कुणीतरी कधीतरी समजूत घातली असती.

सिमेंट यायच्या आधी या मुलखातलं पक्कं बांधकाम चुन्यात व्हायचं. चुनखडी भट्टीत भाजायची, पाण्यात विझवायची, घाणीच्या चरात घालून बैलांकडून मळून घ्यायची, तीत गूळ, बेलफळ, हिरडा असलं काहीबाही पडायचं. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदी अडवून 1613 साली पाणीमहाल बांधला, तो काही सिमेंटच्या पोत्यांवर नाही बांधला. दगड काळा असला तरी दोन दगडांमधला सांधा चुन्याचा. पाणी झिरपता झिरपता तो चुना विरघळवत येतं. जुन्या बारवांच्या भिंतींवर पांढरे ओघळ दिसतात ते त्याचे. कातळावर जो नेचा उपाशी मरेल, तो या सांध्यात मजेत राहतो. “बेसाल्टच्या मुलखात माणसानं बांधून ठेवलेली चुनखडीची गुहा म्हणजे बारव,” असं गुरुजींचं वाक्य आहे. मला विचाराल तर शोधनिबंध नाही झाला तरी या एका वाक्यावर त्यांना पास करावं.

गावाला मात्र चुनखडीचं कौतुक नाही. चुनखडीच्या रानात ऊस केवडा पडतो, पिवळाजर्द होतो, हे ज्याच्या वाट्याला आलंय त्याच्यापुढं चुन्याची थोरवी गायची म्हणजे मार खायचीच लक्षणं. गुरुजी गातात.

बारव एका शेतकऱ्याच्या मालकीची, जुन्या गावठाणाच्या अंगाला. सकाळी दहाच्या सुमाराला उन्हाची एक तिरीप पायऱ्यांवरून खाली उतरते आणि पाण्याला शिवायच्या आत परत फिरते. उत्तरेकडं तोंड असलेल्या भिंतीला तीही मिळत नाही. तिथं सांध्यासांध्यातून तो लोंबत असतो. काळाभोर, चकचकीत, तारेसारखा ताठ देठ आणि त्याला पंख्याच्या आकाराची, कडेला कातरलेली नाजूक हिरवी पानं. पंप सुरू झाला की सगळी भिंत थरथरते. गुरुजींचा प्रयोग ठरलेला: एक पान खुडायचं, बादलीत पूर्ण बुडवायचं. पाण्यात पान चांदीचं दिसतं. बाहेर काढून पाहुण्याच्या तळहातावर ठेवायचं. कोरडं ठणठणीत. पाहुणा तळहात उलटासुलटा करून बघतो. कृषी सहायक असो की जावई, या क्षणी प्रत्येकाचं तोंड सारखंच होतं, आणि गुरुजी त्या तोंडासाठीच जगतात असा माझा संशय आहे.

पुढचा प्रयोग मात्र गावात फसतो. गुरुजी पान उलटं करतात. कडा आत दुमडलेल्या असतात आणि त्या घडीखाली तपकिरी ठिपके. नेच्याला फूल नाही, फळ नाही, बी नाही. जे काही आहे ते त्या ठिपक्यांत, धुळीहून बारीक बीजाणू. गुरुजी भिंग पुढं करतात. बारवेचा मालक डोळा लावतो आणि कळवळून म्हणतो,

“गुरुजी, तांबेरा पडलाय की हो!”

“तांबेरा नव्हं बाबा, त्याची पोरंबाळं हायती ती.”

“आसंना का. दोन पंप मारले की साफ होतंय. सोयाबीनचं औषध उरलंय माझ्याकडं, आणू का?”

तेव्हापासून फवारणीच्या दिवसांत गुरुजी बारवेच्या पायरीवर पहाऱ्याला बसतात.

येळवशीला तर विचारू नका. लातूर-धाराशिवकडं मार्गशीर्षातल्या अमावास्येला घरात कुणी राहत नाही. सगळी रानात, कडब्याच्या कोपीसमोर. भज्जी, आंबील, उंडे, खीर. जेवण झाल्यावर माणसाला दुसरं काही सुचू नये असा तो बेत असतो. नेमक्या त्या वेळी गुरुजी हात धुऊन उठतात आणि म्हणतात, “चला, बारव दाखवतो.” पुण्या-मुंबईचे पाहुणे भिडेखातर उठतात. पोट गच्च भरलेलं, पायऱ्या निसरड्या, वर गुरुजींचं व्याख्यान. एका व्याह्यांनी मला कानात विचारलं, “दरवर्षी असतं का हो?” मी म्हटलं, “येळवस दरवर्षी असते.”

मध्यंतरी त्यांना कुठूनतरी कळलं की 2018 साली आपल्या सीमेपलीकडच्या डांगच्या जंगलातून ऑफिओग्लोसम माल्व्ही नावाच्या नव्या नेच्याची नोंद झाली. उंची अवघी एक सेंटिमीटर. झालं. गुरुजींची मान जी खाली गेली ती वर येईना. एक सेंटिमीटरचा नेचा आपण रोज पायाखाली तुडवत असू, या धास्तीनं ते पाय उचलायच्या आधी जमीन तपासू लागले. एसटी स्टँडवर वाकून चालणारा माणूस दिसला की गावाचा स्वभाव मदतीचा. चार जण जमले.

“काय हरवलंय गुरुजी?”

“हरवलं नाही, सापडायचंय.”

“किती तोळ्याचं?”

त्या दिवशी अर्धा तास सगळा स्टँड खाली बघत होता. कुणाला तरी दहाचं नाणं मिळालं, म्हणजे मोहीम अगदीच वाया गेली म्हणता येणार नाही.

घरात काकूंचं म्हणणं एका अर्ध्या म्हणीत आहे. गुरुजी ‘नवी जाती’ म्हणाले की त्या ‘बाजारात तुरी’ एवढंच म्हणतात आणि भाकरी उलटतात. पण त्यांचा खरा राग बरणीचा. बीजाणूंपासून रोप करायचं म्हणून गुरुजींनी लोणच्याची चिनी मातीची नव्हे, काचेची मोठी बरणी उचलली, तळाला विटेचा तुकडा ठेवला, वर बीजाणू भुरभुरले, पाणी शिंपडलं आणि झाकण लावलं. काकू बरणी मागायला आल्या तेव्हा गुरुजींनी लंडन सुरू केलं. 1829 च्या सुमाराला तिथं नॅथॅनिएल वॉर्ड नावाच्या डॉक्टरनं पतंगाचा कोष बघायला बंद बाटलीत ओली माती ठेवली. पतंग राहिला बाजूला, मातीतून नेचा उगवला. त्यावरून काचेच्या बंद पेट्या निघाल्या, आणि त्याच पेट्यांतून रॉबर्ट फॉर्च्यूननं पुढं चीनमधून चहाची रोपं हिंदुस्थानात आणली.

“तेव्हा तुम्ही रोज सकाळी जो कपभर चहा घेता,” गुरुजींनी शेवट केला, “तो या बरणीचा उपकार आहे.”

“मग आजचा चहा बरणीलाच मागा,” असं म्हणून काकू आत गेल्या. गुरुजींनी चहा स्वतः केला. वाईट झाला होता. मी प्यायलो आहे.

काही आठवड्यांनी विटेवर हिरवे खवले दिसू लागले, नखाहून लहान, बदामाच्या आकाराचे. हा नेच्याचा मधला जन्म. यातच नर पेशी, मादी पेशी. आणि नर पेशीला पाण्यातून पोहत मादी पेशीकडं जावं लागतं, म्हणून ओल हवी. हे सांगताना सून जवळून गेली की गुरुजी आवाज एकदम खाली आणतात आणि ‘पोहत’ हा शब्द नुसत्या हातानं दाखवतात. सून विज्ञानाची पदवीधर आहे. तीही मान खाली घालून जाते. घरात एक मर्यादा असते.

खरी चुनखडीची गुहा त्यांनी पाहिली नाही असं नाही. गावातल्या मंडळींनी क्रूझर ठरवून श्रीशैल, मंत्रालय असा बेत केला, तेव्हा वर्गणी देताना गुरुजींनी हळूच बेलमच्या गुहा घुसवल्या. आंध्रात नंद्याल जिल्ह्यात सव्वातीन किलोमीटरहून लांब चुनखडीची गुहा. रॉबर्ट ब्रूस फूटनं 1884 साली तिची दखल घेतली होती. आत उकाडा, घामाच्या धारा. ‘कोटिलिंगालु’ नावाच्या दालनात छतापासून खालपर्यंत शिवलिंगांसारखे शेकडो चुन्याचे सुळके. सगळ्यांनी हात जोडले, कुणी ‘हर हर महादेव’ केलं. गुरुजी पाठ फिरवून दिव्याच्या मागं भिंग लावून उभे.

“गुरुजी, देव हिकडं हायती!”

गुरुजींचंही चुकत नव्हतं. पर्यटकांसाठी गुहेत दिवे लावले की जगभर कुठंही त्या दिव्यांभोवती हिरवळ धरते: शेवाळ, मॉस आणि कधी कधी नेचेसुद्धा. बाहेरून कुणाच्या कपड्याला चिकटून बीजाणू येतात आणि बल्बच्या उजेडावर संसार थाटतात. गुहा सांभाळणारे त्याला कीड समजून घासून काढतात. गुरुजींना तिथं हिरवं काहीतरी दिसलं. श्वास रोखून जवळ गेले. वायरीचं वेष्टण होतं. परतीच्या वाटेवर क्रूझरमध्ये ते कुणाशी बोलले नाहीत. मंत्रालय आल्यावर मात्र मठाच्या भिंती बघायला सगळ्यांत आधी उतरले.

गावठाणात ते जातात तेव्हा त्यांच्यामागं कुणी जात नाही, आणि कुणी थट्टाही करत नाही. 30 सप्टेंबरची ती पहाट, 3 वाजून 56 मिनिटं. आदल्या रात्री गणपती बोळवून आलेली माणसं झोपली होती, आणि दगडमातीच्या रुंद भिंती, वर माळवदाचं वजन, सगळं अंगावर आलं. गाव नव्या जागी गेलं. जुन्या जागी जे दगड उरले त्यांच्या फटींत मयूरशिखा उगवते. बोटभर उंचीची, इवल्या ताडाच्या झाडासारखी दिसणारी, हीसुद्धा नेच्यातलीच. उन्हाळ्यात पार वाळून, मुठी आवळून बसते आणि पहिल्या पावसात पुन्हा उलगडते. गुरुजी तिची नोंद वहीत करतात. ठिकाण म्हणून नुसता भिंतीचा क्रमांक न लिहिता घर कुणाचं ते लिहितात. त्या वहीतलं हे एकच पान त्यांनी मला न विचारता दाखवलं आणि पुढं काही बोलले नाहीत.

एकदाचा बारवेतला नमुना तपासणीसाठी पुण्याला गेला. पान मुळासकट काढून वर्तमानपत्राच्या घडीत, वर लोखंडी ट्रंक, ट्रंकेवर पाटा, असा दाबून वाळवलेला. त्या आठवड्यात घरात चटणी मिक्सरची. टपरीवर बातमी पोचायला वेळ लागला नाही, फक्त पोचताना ती थोडी बदलली: गुरुजींना नवी जात सापडली. लगेच विचारणा सुरू झाली, कोणत्या प्रवर्गात टाकणार? एक जण ठामपणे म्हणाला, “आधी जात पडताळणी होईल. त्याशिवाय काही खरं नाही.” शास्त्रीय दृष्ट्या त्याचं शंभर टक्के बरोबर होतं. नमुना जुन्या संग्रहातल्या नमुन्यांशी ताडून बघतात, बीजाणू सूक्ष्मदर्शकाखाली घालतात, आणि तरीही वेगळा निघाला तरच नाव, वर्णन आणि एक अधिकृत नमुना कायमचा संग्रहात. 2012 पर्यंत तर ते वर्णन लॅटिनातच द्यावं लागायचं. आता इंग्रजी चालतं, हा नियम बदलल्याचं दुःख महाराष्ट्रात बहुधा एकट्या गुरुजींना झालं असेल.

तेवढ्यात नावासाठी रांग लागली. स्वतःचं नाव स्वतः द्यायचं नसतं, हा शिष्टाचार गुरुजींनी चारचौघांत सांगायला नको होता. बारवेच्या मालकाला आजोबांचं नाव हवं, सरपंचांना आमदारांचं, भजनी मंडळाला देवाचं. गुरुजी कुणाला नाही म्हणत नाहीत. प्रत्येकाचं नाव षष्ठीचा प्रत्यय लावून वहीत लिहून घेतात, पेन्सिलीनं.

उत्तर दोन ओळींचं आलं. अडिअँटम कॅपिलस-व्हेनेरिस. लिनियसनं 1753 साली नाव दिलेला, युरोपापासून आफ्रिकेपर्यंत आणि अमेरिकेतही ओल्या चुन्याच्या भिंतींवर आढळणारा, अत्यंत सामान्य नेचा. गावाला वाटलं, गुरुजी खाटेवर पडतील. ते उलट ताठ झाले. 1922 साली ब्लॅटर आणि डी’आल्मेडा या दोघांनी मुंबई इलाख्यातल्या नेच्यांवर ‘द फर्न्स ऑफ बॉम्बे’ हा ग्रंथ काढला. त्याची झेरॉक्स गुरुजींनी माझ्यापुढं आपटली.

“बघा, आहे का यात सास्तूर? नाही. कसं असेल? आपण तेव्हा निजामात! इलाख्याची हद्द सोलापुरापर्यंत. त्यांनी नेचे मोजले ते सरहद्दीपर्यंत मोजले. मग आपले कुणी मोजायचे?”

1948 च्या सप्टेंबरात पोलीस कारवाई होऊन मराठवाडा मोकळा झाला. गुरुजींच्या हिशेबी नेचे अजून व्हायचे आहेत.

यंदा उन्हाळ्यात मालकानं बारव दुरुस्तीला काढली. बाजूचे दगड ढिले झालेले, साप निघतात, पोरं खाली उतरतात. त्याचं काही खोटं नव्हतं. गवंडी आला, सिमेंट आलं, वाळू पडली. गुरुजी पायरीवर आडवे. सिमेंटचा गिलावा बसला की सांधेच बुजणार. चुन्यातच दुरुस्ती करा, असं त्यांनी सुचवून पाहिलं. गवंड्यानं विचारलं, “चुना? पानाला लावायचा का?” गुरुजींनी त्याला घाणीपासून बेलफळापर्यंत सगळं सांगितलं. मालकानं गुळाचा भाव काढला आणि म्हणाला, “हिरीला पुरणपोळी घालायची का मग?”

दोन दिवस काम बंद. शेवटी तडजोड झाली: तीन बाजूंना सिमेंट, उत्तरेकडं तोंड असलेली भिंत तशीच, मात्र तिकडून साप निघाला किंवा दगड सुटला तर जबाबदारी गुरुजींची, आणि हे सगळं कागदावर. दोघं मोटारसायकलवर लोहाऱ्याला गेले, मीही मागून गेलो. पाचशेचा स्टँपपेपर. लिहिणाऱ्यानं लिहून देणार, लिहून घेणार, चतुःसीमा सगळं भराभर उरकलं आणि मान वर केली.

“ज्याच्यासाठी भिंत राखायची, त्याचं पूर्ण नाव?”

गुरुजींनी सांगितलं. लिहिणाऱ्यानं तीनदा विचारून लिहून घेतलं.

“वय?”

“नाव सतराशे त्रेपन्न साली ठेवलं. जन्म बराच आधीचा.”

“सज्ञान लिहितो. राहणार?”

“सास्तूर, तालुका लोहारा.”

“धंदा?”

गुरुजींनी मालकाकडं पाहिलं, मालकानं माझ्याकडं.

“शेती लिहा,” मालक म्हणाला.